कोलारची खाण : सोन्याचा हिशेब आणि धुळीचा हिशेब

सोन्याच्या खाणीवर कोणी बोलायला उभे राहिले की श्रोते सोन्याचा आकडा ऐकायला उत्सुक असतात. तो आम्ही आरंभीच सांगून टाकतो. कर्नाटकातील कोलारच्या खाणींतून १८८० नंतरच्या सुमारे एकशेवीस वर्षांत पाच कोटी टनांहून अधिक दगड वर काढण्यात आला आणि त्यातून आठशे टनांहून अधिक सोने निघाले. म्हणजे सरासरीने एक टन दगडामागे सोळा ग्रॅमच्या आसपास, दीड तोळ्याहूनही थोडे कमी. बाकीचा सगळा दगडच. आमचा आजचा विषय आहे तो हा बाकीचा दगड, आणि तो ज्यांनी फोडला ती माणसे.

२०१८ साली आलेल्या एका कन्नड चित्रपटामुळे ‘के. जी. एफ.’ ही अक्षरे महाराष्ट्रातही घरोघर पोचली. चित्रपटातली कथा काल्पनिक आहे. करमणूक म्हणून ती पाहावी. पण ‘कोलार गोल्ड फील्ड्स’ हे गाव खरे आहे, त्याच्याखाली तीन किलोमीटर खोल गेलेली खाण खरी आहे, आणि ती २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली हेही खरे आहे. आम्ही दगडखाणी व खडीकेंद्रे येथल्या कामगारांत संघटनेचे काम करतो. भूगर्भशास्त्र आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही. सार्वजनिक वाचनालयातील पुस्तके आणि ज्यांच्या हाताखालून रोज दगड जातो त्यांची बोलणी, या दोन शाळांत जे पदरात पडले तेवढेच आमचे भांडवल. तेव्हा विद्वानांनी थोडे सांभाळून घ्यावे.

प्रथम दगडाकडे पाहू. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर हा मुलूख आहे. आसपास सगळीकडे फिकट करड्या रंगाचा खडक पसरलेला आहे. शास्त्रज्ञ त्याला पट्टिताश्म म्हणतात. त्या फिकट खडकातून काळसर खडकाची एक अरुंद पट्टी दक्षिणोत्तर गेलेली आहे. तिची लांबी सुमारे ऐंशी किलोमीटर, रुंदी मात्र तीन-चार किलोमीटर, कोठे थोडी अधिक. हीच ती कोलारची पट्टी. हा काळा खडक मुळात लाव्हा होता. आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाच. परंतु तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि कोलारचा सुमारे दोनशे सत्तर कोटी वर्षांपूर्वीचा. वयाचा हिशेब केला तर कोलारच्या खडकापुढे आपला सह्याद्री अगदी पोरवयाचा ठरतो. एवढ्या प्रदीर्घ काळात तो लाव्हा गाडला गेला, तापला, दाबला गेला, दुमडला, आणि त्याचे रूपच पालटले.

या दुमडण्या-मोडण्यात खडकाला भेगा पडल्या. पृथ्वीच्या पोटातून अतिशय तप्त पाणी त्या भेगांवाटे वर चढू लागले. त्या पाण्यात गंधकाच्या संगतीने सोने विरघळलेले होते, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात सिलिका विरघळलेली होती. वर येताना पाण्यावरचा दाब कमी होई, ते निवे, आणि पोटातला माल भेगेतच टाकून देई. सिलिकेची पांढरी गारगोटी झाली आणि सोन्याचे कण त्या गारगोटीत जागोजाग अडकून राहिले. गारगोटीने भरलेल्या अशा भेगेला आपण शीर म्हणतो. कोलारची सर्वांत श्रीमंत शीर ‘चॅम्पियन’ या नावाने ओळखली जाते. ती दक्षिणोत्तर काही किलोमीटर जाते आणि पश्चिमेकडे तिरपी होत खोल उतरते. तिची जाडी बहुतेक ठिकाणी काही फुटांचीच. आणि सगळी शीर सारखी श्रीमंतही नाही. मध्येच सोने भरगच्च, मध्येच नुसती पांढरी गार.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. सोने एकटे येत नाही, ते गारगोटीच्या पोटात बसून येते. सोने हवे असेल तर गारगोटी फोडली पाहिजे, नुसती फोडून भागत नाही, तिचे पीठ केले पाहिजे. आणि गारगोटीचे पीठ म्हणजेच सिलिकेची धूळ. निसर्गाने हे दोन्ही एकाच शिरेत भरून ठेवले. पुढे माणसांनी मात्र एकाचे वजन गुंजेगुंजेने केले आणि दुसऱ्याचे कित्येक वर्षे केलेच नाही.

आता इतिहास. इंग्रजांनी कोलारचे सोने शोधून काढले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अर्धेच खरे आहे. १७९९ साली टिपू सुलतान पडल्यावर म्हैसूर राज्याच्या सीमांची मोजणी करण्यासाठी लेफ्टनंट जॉन वॉरन नावाचा अधिकारी १८०२ साली या भागात आला. येथल्या मातीत सोने सापडते असे त्याच्या कानावर आले, म्हणून त्याने बक्षीस लावले. लोकांनी मातीच्या गाड्या भरून आणल्या आणि त्याच्यादेखत ती माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखविले. मारिकुप्पम येथे तर लोक विवरात उतरून दगड काढीत होते. आतले पुरुष ठिकठिकाणी उभे राहून टोपल्या हातोहात वर देत, आणि बाहेर स्त्रिया त्या दगडांचा मोठ्या शिळेवर कुटून चुरा करीत. ही माणसे गावकुसाबाहेरच्या जातींतली होती. तेव्हा शोध कोणाचा म्हणायचा? वॉरनने लिहिले आणि ते छापून आले, हे त्याचे श्रेय कोणी हिरावून घेणार नाही. पण त्याला दाखविणारे हात आधीपासून तेथे होते.

वॉरनचा तो जुना लेख १८७१ च्या सुमारास मायकेल लॅव्हेल नावाच्या एका आयरिश सैनिकाच्या वाचनात आला. न्यूझीलंडमधील माओरी युद्धांतून निवृत्त होऊन तो बंगळूरला राहिला होता. त्याने बैलगाडीने तो मुलूख पालथा घातला आणि खटपट करून १८७५ साली म्हैसूर सरकारकडून खाणीचा पट्टा मिळविला. बंगळूरच्या लॅव्हेल रोडला त्याचेच नाव आहे. पण खाणीला भांडवल लागते आणि ते त्याच्यापाशी नव्हते. हक्क हस्तांतरित होत गेले आणि १८८० साली लंडनची जॉन टेलर आणि सन्स ही कंपनी तेथे आली. पहिली काही वर्षे तिच्याही हाती फारसे लागले नाही; भागभांडवल आटत चालले. मग प्लमर नावाच्या खाण-कप्तानाने जुन्या लोकांनी खणून सोडलेल्या विवरांचा माग काढला आणि त्यांच्या तळाशी जाऊन पुढे खोदले. तेथे चॅम्पियन शीर सापडली. आधीच्या पिढ्यांनी लाकडे पेटवून खडक तापवायचा, तडकवायचा आणि हातहत्यारांनी उकरायचा, अशा रीतीने ती शीर शंभर फुटांहून खोल खोदून ठेवली होती. पाण्यापुढे ते थांबले, आणि कंपनीने पंप लावून तेथूनच आरंभ केला.

त्यानंतरची भरभराट डोळे दिपविणारी आहे. १८९४ साली खाणीपर्यंत रेल्वे आली. १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रम् येथे तयार झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून कोलारच्या खाणींवर आणली गेली. इतक्या दूर वीज नेण्याचे काम त्या काळी जगात विरळा होते. खुद्द बंगळूर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ साली. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचे मैदान, थंड हवा यांमुळे या वस्तीला ‘छोटे इंग्लंड’ म्हणत.

आणि कामगार? तो प्रामुख्याने तमिळ बोलणारा, उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर या दुष्काळी भागांतून आलेला, आणि बहुसंख्येने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतला. शेतावरच्या पिढीजात गुलामीपेक्षा खाणीतला काळोख त्याने पत्करला, कारण तेथे आठवड्याचे का होईना, रोख पैसे हातात पडत. बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांची रांग हे त्याचे घर. सोने चोरले जाऊ नये म्हणून म्हैसूर सरकारने खास कायदे केले. पाळी संपवून वर येणाऱ्या माणसाची अंगझडती हा रोजचा रिवाज झाला. १९३० साली प्रत्येक कामगाराची बोटांच्या ठशांसह नोंदणी करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा हजारो कामगारांनी काम बंद पाडले. तो संप मजुरीवाढीसाठी नव्हता. आम्हांला जन्मजात चोर समजू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ४ नोव्हेंबर १९४६ रोजी, तेथल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा कामगार ठार झाले.

या वस्तीत विचारांचे वारेही लवकर खेळले. अयोथी दास पंडितांच्या बौद्ध चळवळीची एक शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात मारिकुप्पम येथे उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली कोलारला येऊन गेले. नागपूरच्या धर्मांतराआधी जवळजवळ पन्नास वर्षे या खाणकामगारांत बुद्धाचे नाव घेतले जात होते, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

आता खाली उतरू. शीर जसजशी खोल गेली तसतसा माणूस तिच्यामागे गेला. चॅम्पियन रीफ ही खाण अखेरीस तीन किलोमीटरहून अधिक खोल पोचली आणि जगातील सर्वांत खोल खाणींत तिची गणना होऊ लागली. तेथे खडकच पासष्ट अंशांच्या आसपास तापलेला असे. वरून थंड हवा सोडावी तेव्हा कुठे माणसाला काम करता येई. आणि उष्णतेहून भयंकर होता तो दाब. तीन किलोमीटर उंचीच्या खडकाचे ओझे तळाच्या खडकावर सतत असते. त्या दाबाखालून शीर काढून घेतली की उरलेल्या खांबांवर सगळा भार येतो. कोलारचा खडक कठीण आणि ठिसूळ आहे. तो वाकत नाही, हळूहळू खचत नाही, एकदम फुटतो. अशा फुटण्याला तेथे ‘रॉक बर्स्ट’ म्हणत. तोफेचा बार व्हावा तसा आवाज होई आणि क्षणात बोगदा दगडांनी भरून जाई. १९१२ साली खाणीवर भूकंपमापक बसविण्यात आला. १९६२ च्या नोव्हेंबरात चॅम्पियन रीफमध्ये असे स्फोट एकामागून एक झाले आणि त्यांचा धक्का वरच्या इमारतींनाही बसला. पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या धक्क्यांची नोंद घेण्याच्या कामी मदत केली.

मुंबईचा आणखी एक धागा या खाणीत आहे आणि तो अभिमानाचा आहे. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे मांडून वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांचा माग काढला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीतही हे घडले. या दोन ठिकाणांच्या आधी जगात कोठेही ते साधले नव्हते. ज्या कणाला पृथ्वीही अडवू शकत नाही तो कण पकडायचा तर इतर सगळे कण गाळून टाकणारे दगडाचे जाड छत डोक्यावर हवे. ते कोलारला आयते होते. आयते म्हणजे, पिढ्यान् पिढ्यांच्या मजुरांनी खोदून ठेवलेले.

परंतु त्याच खाणीत दुसराही एक सूक्ष्म कण होता आणि तो पकडायला कोणी उपकरणे घेऊन लवकर आला नाही. गारगोटीला यंत्राने भोक पाडले, सुरुंग उडविला, दगड दळला, की धूळ उडते. त्यातली डोळ्यांना दिसणारी धूळ फारशी अपाय करीत नाही. ती नाकाघशात अडते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक असते तीच फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. फुप्फुसाला ती पचत नाही, बाहेर टाकता येत नाही. म्हणून ते तिच्याभोवती कठीण गाठी बांधते. दहा-वीस वर्षांत त्या गाठींनी फुप्फुस आखडते. चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, पुढे अंथरुणावर पडल्या जागीही लागतो. हाच सिलिकोसिस. त्यावर उतारा पडेल असे औषध नाही. वरून, अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. त्यामुळे माणूस क्षयाने गेला अशी नोंद होते आणि धूळ निर्दोष सुटते.

भारतात सिलिकोसिसची पहिली नोंद १९३४ साली झाली ती याच कोलारमधून. मग १९४० ते १९४६ या काळात कॅप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथले ७,६५३ कामगार तपासले. त्यांत सुमारे चव्वेचाळीस टक्क्यांना सिलिकोसिस झालेला आढळला. खाण सुरू होऊन तोवर साठ वर्षे झाली होती. या साठ वर्षांत दरसाल किती औंस सोने निघाले, भागधारकांना किती लाभांश मिळाला, म्हैसूरच्या खजिन्यात स्वामित्वधन किती आले, याचे हिशेब बिनचूक ठेवलेले आहेत. धुळीचा हिशेब मात्र डॉक्टरांनी क्ष-किरणांची यंत्रे लावली तेव्हा कुठे उघड झाला, आणि तोवर तो फुप्फुसांत लिहून झाला होता.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली, म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. १९६२ साली त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ साली ‘भारत गोल्ड माइन्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मालक बदलला, पण शीर बदलली नाही. आरंभीच्या वर्षांत टनाला चाळीस ग्रॅमहून अधिक सोने देणारा दगड शेवटी शेवटी तीन-चार ग्रॅमवर आला. त्यातच सरकारीकरणानंतर कितीतरी वर्षे येथले सोने सराफ बाजाराच्या भावाने विकले गेले नाही. औंसाला ३५ डॉलर या आंतरराष्ट्रीय बांधीव दराने ते सरकारी तिजोरीत जमा होई. देशातला बाजारभाव त्याहून पुष्कळ चढा होता. मग खाण तोट्यात आहे असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. हा तोटा काही अंशी दगडाचा होता आणि काही अंशी वहीचा.

२००० साली आजारी उद्योगांविषयीच्या मंडळाने कंपनी गुंडाळण्याची शिफारस केली आणि पुढल्या फेब्रुवारीत खाण बंद झाली. त्या वेळी जगात सोन्याचा भाव औंसाला २६० ते २७० डॉलर, म्हणजे वीस वर्षांतला नीचांक होता. २०११ साली तो १,९०० डॉलरांपर्यंत गेला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्याने ४,००० डॉलर ओलांडले. यावरून खाण चालूच ठेवायला हवी होती असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. तीन किलोमीटर खोल, फुटणाऱ्या खडकाखाली, टनाला तीन ग्रॅमसाठी माणसे उतरवावीत काय, हा प्रश्न भावाने सुटण्याजोगा नाही. पण खाण ‘संपली’ म्हणून बंद झाली, हे मात्र खरे नव्हे. हिशेब ज्या दिवशी मांडला त्या दिवशी तो जुळला नाही म्हणून ती बंद झाली.

पंप थांबले आणि विवरांत पाणी भरले. वर उरल्या त्या दळलेल्या दगडाच्या टेकड्या. सायनाइडच्या प्रक्रियेने सोने काढून घेतल्यावर फेकून दिलेली ही पांढुरकी रेती. तेरा ठिकाणी, एक हजार एकरांवर, सुमारे तीन कोटी तीस लाख टन. वारा सुटला की ती गावावर उडते. जून २०२४ मध्ये या रेतीतून उरलेसुरले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने संमती दिली. कामगार संघटना न्यायालयांत लढल्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने जागतिक निविदा काढण्याची वाट मोकळी केली. या दोन तपांत खाणकामगारांची मुले पहाटेची गाडी धरून बंगळूरला मजुरीला जाऊ लागली. ज्या रेल्वेने सोने बाहेर गेले त्याच रेल्वेने आता माणसे बाहेर जातात.

खाणीतल्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९९० साली कोलारलाच निघाली होती. पुढे ती नागपुरास आली आणि २०१९ साली अहमदाबादच्या संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. संस्था हलविता येतात. पण छातीत गेलेली धूळ हलविता येत नाही. धुळीचे काम सुटल्यावरही सिलिकोसिस वाढतच राहतो. म्हणजे वर टाळे लागले तरी कामगाराच्या छातीत ती खाण चालूच राहते.

हे सारे आम्ही कोलारचे कौतुक किंवा कोलारचे रडगाणे म्हणून सांगितले नाही. आपल्या गावाबाहेर डोंगर फोडून खडी करणारी यंत्रे धडधडत असतात. काळ्या पाषाणात सिलिका कमी मोकळी असते. पण पूर्व विदर्भाच्या जुन्या खडकांत गार आहे, कोकणच्या सिलिका-वाळूत तर तीच आहे. तेथे काम करणारा माणूस आज एका मुकादमाकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याच्या नावाचा हजेरीपट नाही, तर क्ष-किरणांची पट्टी कोठून असणार? कोलारच्या कामगाराला निदान एक खाण होती, एक रुग्णालय होते, आणि साठ वर्षांनी का होईना, त्याला मोजणारे कोणी आले. आमच्या खडीवाल्याला मोजायला कोण येणार?

करण्यासारखे उपाय अवघड नाहीत. भोक पाडताना आणि दगड दळताना पाणी मारले की धूळ जागीच बसते. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच जगाला ठाऊक झाली. कामावर घेताना एक आणि मग ठराविक वर्षांनी एक असे छातीचे चित्र काढावे आणि ते कामगाराच्याच हाती द्यावे. मालक बदलला तरी नोंद बदलू नये. राजस्थान सरकारने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण केले. रोग्याची नोंद, प्रमाणपत्र आणि अर्थसाहाय्य यांची त्यात सोय आहे. आपल्याकडील संघटनांनी ते मागवून वाचावे आणि आपापल्या आमदारांच्या हाती ठेवावे.

कोलारच्या दगडात सोने आणि सिलिका अब्जावधी वर्षांपूर्वी शेजारी शेजारी बसली. त्यांचे वेगळे हिशेब माणसाने मांडले, निसर्गाने नव्हे. माणसाने मांडलेला हिशेब माणसाला दुरुस्त करता येतो. आणि तो खडीकेंद्राच्या हजेरीपटावर एक नाव नीट लिहिण्यापासून सुरू करता येतो.